मौनाला कबुली कुणी म्हणावं?

कागद दिसायला साधा असतो. वर न्यायालयाचं नाव आणि दाव्याचा क्रमांक, खाली घरमालकाच्या वकिलाची सही. मध्ये वीस-पंचवीस वाक्यं, आणि सगळ्यांची सुरुवात सारखीच. मार्च महिन्याचं भाडं तुम्ही दिलेलं नाही, हे कबूल करा. घर सोडण्याची नोटीस तुम्हाला मिळाली, हे कबूल करा. घर राहण्यालायक होतं, हे कबूल करा. आणि शेवटी कुठेतरी: या दाव्यात तुमच्याकडे कोणताही बचाव नाही, हे कबूल करा.

अमेरिकेतल्या दिवाणी न्यायालयांत या कागदाला ‘रिक्वेस्ट फॉर अ‍ॅडमिशन’ म्हणतात. एका पक्षाने दुसऱ्याकडे केलेली ही कबुलीची मागणी. तिथल्या केंद्रीय दिवाणी नियमावलीतला ३६वा नियम सांगतो की, ३० दिवसांत सहीनिशी लेखी उत्तर गेलं नाही, तर त्यातलं प्रत्येक वाक्य समोरच्याने कबूल केलं असं धरायचं. घर रिकामं करून घेण्याचे आणि थकलेल्या भाड्याचे दावे राज्यांच्या न्यायालयांत चालतात, पण बहुतेक राज्यांनी आपल्या नियमांत साचा हाच ठेवला आहे. कुठे मुदत कमी, कुठे जास्त. कबुली पक्की व्हायला न्यायाधीशाने काही वाचावं, ठरवावं, सही करावी अशी गरज केंद्रीय नियमात नाही. एकतिसाव्या दिवशी ती आपोआप होते.

महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थेच्या कमिटीवर ज्यांनी काम केलंय, त्यांना ‘मानीव’, म्हणजे ‘तसं झालंच असं मानलेलं’, हा शब्द चांगला ठाऊक आहे. बिल्डर जमीन संस्थेच्या नावावर करून देत नाही, म्हणून मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो. पण बिल्डर गप्प बसला एवढ्यावर तिथेही जमीन संस्थेची होत नाही. अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडे जातो, बिल्डरला नोटीस निघते, त्याचं म्हणणं ऐकायची तारीख पडते, आणि मग आदेश होतो. मानीव ठरायला कुणीतरी मानणारा लागतो. अमेरिकेतल्या या मानीव कबुलीत तो मानणारा माणूसच गायब आहे. वकील नसलेल्या पक्षकाराच्या बाबतीत हे चालू देणं मला उघड अन्याय वाटतो, आणि तो दूर करायला फार मोठा कायदा बदलावा लागेल असंही नाही.

मुळात हा नियम कशासाठी आला, ते बघायला हवं. केंद्रीय दिवाणी नियमावली १९३८ साली लागू झाली आणि ३६वा नियम तिच्यात पहिल्यापासून होता. हेतू चांगला होता. ज्यावर कुणाचा वाद नाही अशा गोष्टी सिद्ध करण्यात न्यायालयाचा दिवस का घालवायचा? करारावरची सही तुमचीच ना? हे पत्र तुम्हीच लिहिलंत ना? मग त्यासाठी साक्षीदार कशाला बोलवायचे? दोन वकील समोरासमोर असताना ही सोय खरोखर उपयोगाची आहे. पुढे १९७० साली नियमाची व्याप्ती वाढवली. नुसत्या घटनाच काय, त्या घटनेला कायदा कसा लागू होतो, हेही कबूल करा म्हणून मागता येऊ लागलं. एकदा झालेली कबुली त्या दाव्यापुरती निर्णायक, तिच्याविरुद्ध पुरावाच नाही, हेही तेव्हाच नियमात स्पष्ट आलं. मुदत मात्र किमान १० दिवसांवरून ३० दिवसांची झाली, एवढा दिलासा. ‘ही सही तुमची ना’ इथून सुरू झालेली सोय अशा रीतीने ‘तुमचा बचावच नाही’ इथवर येऊन पोचली.

आता समजा, एक बाई दोन मुलांसह भाड्याच्या घरात राहते आहे. जानेवारीत हीटर बंद पडला. तिने घरमालकाला फोन केले, निरोप ठेवले, शेवटी लेखी कळवलं. दुरुस्ती झाली नाही म्हणून तिने भाडं रोखलं. ही तिची मनमानी नाही. वॉशिंग्टनमधल्या केंद्रीय अपील न्यायालयाने १९७० साली भाडं आणि घराची राहण्यायोग्य अवस्था यांची गाठ घातली, आणि पुढे बहुतेक राज्यांनी ते तत्त्व या ना त्या रूपात मान्य केलं. घरमालकाने दावा लावला. बाईने न्यायालयातून छापील नमुना आणला, दोन रात्री बसून भरला, घर राहण्यालायक नव्हतं असं त्यात लिहिलं आणि मुदतीत दाखल केला. आपण ज्याला कैफियत म्हणतो, ती तिने दिली. तिच्या दृष्टीने तिचं म्हणणं न्यायालयाच्या दप्तरी लागलं.

मग काही आठवड्यांनी ते पाकीट येतं.

ते न्यायालयाकडून आलेलं नसतं. केंद्रीय नियमांप्रमाणे तर अशा मागण्या वापरायची वेळ येईपर्यंत न्यायालयात दाखलच करायच्या नसतात, म्हणजे असा कागद निघाला आहे हे न्यायाधीशाला माहीत नाही आणि दप्तरातल्या कारकुनालाही नाही. बाई खिडकीवर जाऊन विचारेल, तर कारकून म्हणणार की आम्हाला कायद्याचा सल्ला देता येत नाही, आणि नियमाने ते बरोबरच आहे. कागदावर शिक्का नाही, समन्स नाही, पुढची तारीख नाही. विरुद्ध पक्षाच्या वकिलाने पाठवलेली लांबलचक पत्रं तिला आधीही आलेली असतात. तिच्या मनात विचार येतो: मी तर हे सगळं आधीच नाकारलं आहे, तेही थेट कोर्टात, मग यांना पुन्हा काय सांगायचं? हा विचार निष्काळजी माणसाचा नाही. कायदा न शिकलेला कुठलाही शहाणा माणूस हाच विचार करेल. त्यात वाक्यांची ठेवण अशी की, ‘तुम्ही भाडं दिलेलं नाही हे कबूल करा’ याला ‘नाही’ असं उत्तर दिलं तर त्याचा अर्थ दिलं असा होतो की दिलं नाही असा, हे शिकलेल्या माणसालाही दोनदा वाचावं लागतं.

मुदत उलटते. घरमालकाचा वकील अर्ज करतो की आता वादाचा मुद्दाच उरलेला नाही, साक्षीपुराव्याशिवाय निकाल द्या. बाई न्यायालयात हीटरचे फोटो घेऊन येते, घरमालकाला पाठवलेले निरोप घेऊन येते, शपथेवर सांगायला तयार असते. पण घर राहण्यालायक होतं हे तर तिने ‘कबूल’ केलेलं आहे. कबुलीविरुद्धचा पुरावा बघता येत नाही. तिने आधी दिलेल्या कैफियतीतला नकारही या मानीव कबुलीपुढे टिकत नाही. ज्या मुद्द्यावर ती सगळ्यात जास्त बोलली, त्याच मुद्द्यावर ती गप्प राहिली असं ठरतं.

या नियमांमधली एक विसंगती मला सगळ्यात जास्त खुपते. एखाद्या पक्षाने मागणीला उत्तर देताना खरी गोष्ट धडधडीत नाकारली आणि ती पुढे खटल्यात सिद्ध झाली, तर त्याला काय भोगावं लागतं? ३७वा नियम सांगतो की ती गोष्ट सिद्ध करायला समोरच्याला जो वाजवी खर्च आला, तो भरायचा. बस. दावा तो त्या नकारामुळे हरत नाही. आणि जो काहीच बोलला नाही, त्याचा अख्खा दावा जातो. म्हणजे खोटं बोलणाऱ्याला खर्च आणि न बोलणाऱ्याला बेघर होणं. एखाद्या मोठ्या कंपनीचा वकील सगळ्या मागण्यांखाली ‘नामंजूर’ लिहून मोकळा होऊ शकतो, कारण त्याला नियम माहीत आहे. ज्या बाईला तो माहीत नाही, ती खरं बोलायला तयार असूनही तिचं खरं आत घेतलं जात नाही. शिक्षेचा हा क्रम कोणत्या न्यायबुद्धीत बसतो, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

दुसरी वाट होती, आणि तीही याच कायदेपरंपरेत होती. भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत १२व्या आदेशाचा ४था नियम याच विषयावर आहे. सुनावणीच्या निदान ९ दिवस आधी एक पक्ष दुसऱ्याला अमुक गोष्टी कबूल करा अशी नोटीस देऊ शकतो. ६ दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर ती गोष्ट सिद्ध करण्याचा खर्च, न्यायालयाने वेगळं सांगितलं नाही तर, त्या पक्षाच्या माथी. गोष्ट मात्र सिद्ध करावीच लागते. इंग्लंडमध्येही आजतागायत असंच आहे, कबुलीच्या नोटिशीकडे दुर्लक्ष केलं तर भुर्दंड खर्चाचा. आपल्याकडे मानीव कबुली नाहीच असं मी म्हणत नाही. कैफियतीत दाव्यातलं विधान स्पष्ट नाकारलं नाही, तर ते कबूल धरता येतं. १९७६ च्या दुरुस्तीनंतर नोटिशीत दाखवलेला दस्तऐवज नाकारला नाही, तर तोही कबूल धरतात. पण दोन्ही ठिकाणी एक कलम मुद्दाम जोडलेलं आहे: न्यायालयाला वाटलं तर ती गोष्ट पुराव्याने सिद्ध करायला सांगता येईल. दार किलकिलं ठेवलेलं आहे. भारतात भाडेकरूचे दावे पिढ्यान् पिढ्या रेंगाळतात आणि त्या रेंगाळण्याचं समर्थन मला करायचं नाही. पण न बोललेल्याच्या तोंडी शब्द घालण्याच्या बाबतीत आपली जुनी संहिता जास्त सावध आहे.

अमेरिकेतल्याच काही राज्यांनी धार बोथट केली आहे, आणि ते उपाय बघितले की बाकीच्यांनी का केलं नाही असा प्रश्न पडतो. कॅलिफोर्नियात उत्तर आलं नाही म्हणून कबुली आपोआप होत नाही. मागणाऱ्याला न्यायालयात अर्ज करून तसा हुकूम मिळवावा लागतो, आणि त्या सुनावणीच्या आधी समोरच्याने नियमाला धरून उत्तर दिलं तर तो हुकूम होत नाही; उशिरापोटी दंड तेवढा बसतो. मात्र त्याच कॅलिफोर्नियात घर रिकामं करण्याच्या दाव्यात उत्तराची मुदत ५ दिवसांची आहे, हेही सांगायला हवं. इलिनॉयमध्ये २८ दिवस मिळतात, एका पक्षाला साधारणपणे ३० पेक्षा जास्त मागण्या करता येत नाहीत, आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत इशारा छापावा लागतो की उत्तर दिलं नाहीत तर हे सगळं खरं धरलं जाईल. इतकी साधी ओळ, पण तिच्यामुळे पाकीट उघडणाऱ्याला निदान कळतं की आपल्या हातात काय आहे. न्यूयॉर्कचा नियम म्हणतो की, ज्यावर खटल्यात खरा वाद होणार नाही असं मागणाऱ्याला रास्त कारणाने वाटतं, तेवढंच मागावं. म्हणजे ‘घर राहण्यालायक होतं हे कबूल करा’ हे तिथे मुळातच बसत नाही. पण तिथल्या संक्षिप्त कारवाईत, ज्यात भाडेकरूंचे खटले येतात, ही मागणी तारखेच्या ३ दिवस आधीपर्यंत बजावता येते आणि उत्तर तारखेच्या १ दिवस आधी द्यायचं असतं. मधल्या दोन दिवसांत कामावरून सुट्टी कशी घ्यायची आणि वकील कुठून आणायचा?

कारण वकील नसतो, हीच तर खरी गोम आहे. फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळायलाच हवा, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सांगितलं. दिवाणी दाव्यात असा हक्क नाही. घर जाणार असेल तरी नाही. गरीब भाडेकरूंना वकील देण्याचा कायदा करणारं पहिलं शहर न्यूयॉर्क, आणि तेही २०१७ साली. त्यानंतर आणखी शहरं आणि काही राज्यं आली, पण देशभरात घरमालकाच्या बाजूला बहुतेक वेळा वकील आणि भाडेकरूच्या बाजूला बहुतेक वेळा कुणी नाही, हे चित्र बदललेलं नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अभ्यासगटाच्या मोजणीप्रमाणे कोविडच्या साथीच्या आधीच्या काळात अशा दाव्यांची संख्या वर्षाला सुमारे ३६ लाख होती. या सगळ्यांत कबुलीच्या मागण्या जातात असं नाही. बरेच दावे तर भाडेकरू हजरच न झाल्याने पहिल्याच तारखेला संपतात. आणि टेक्सासच्या जस्टिस कोर्टासारख्या काही ठिकाणी न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय अशी मागणी बजावताच येत नाही. पण हा कागद त्याच भाडेकरूला गाठतो जो पळून गेलेला नाही, ज्याने कैफियत दिली आहे, जो लढायला उभा आहे. म्हणून तो मला जास्त झोंबतो.

यावर घरमालकांची बाजू आहे आणि ती मी हलकी धरत नाही. वरच्या मजल्याच्या भाड्यावर ज्याचं म्हातारपण चाललंय, त्याला चार महिने भाडं आलं नाही तर घराचे हप्ते कोण भरणार? न्यायालयाचे कागद सगळ्यांनी वाचायचे असतात, भाडेकरूने तेवढे न वाचता बाजूला ठेवावेत आणि तरी सवलत मागावी, हे त्याला पटणार कसं? पटत नसेल तर त्यात त्याची चूक नाही. पण मी मागतोय ती सवलत भाडेकरूला म्हणून नाहीच, वकील नसलेल्या माणसाला म्हणून आहे. तो म्हातारा घरमालक स्वतःच स्वतःचा दावा चालवत असेल आणि भाडेकरूच्या बाजूने चांगला वकील उभा असेल, तर अनामत रकमेच्या भांडणात हाच कागद उलट्या दिशेने येईल आणि तोच म्हातारा त्यात अडकेल. मोठ्या घरमालक कंपन्यांना या बदलाने फारसा फरक पडणार नाही, कारण बहुतेक राज्यांत कंपनीला वकिलामार्फतच उभं राहावं लागतं. दोन्हीकडे वकील असतील तिथे नियम आहे तसाच राहू द्या.

राहिला वेळेचा मुद्दा. भाडेकरूचे खटले झटपट चालावेत म्हणून तर ते संक्षिप्त केले आहेत; ऑरेगन राज्याची अशी घाईची सुनावणी सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली वैध ठरवली, मुद्दे साधे असतात या भरवशावर. ठीक आहे. मुद्दे साधे आहेत तर न्यायाधीश समोर उभ्या असलेल्या बाईला शपथ देऊन विचारू शकतात: हीटर चालू होता का? भाडं किती दिलंत? नोटीस कधी मिळाली? पाच मिनिटं लागतील. टपालाने कबुली गोळा करून, मग तिच्यावर अर्ज करून, मग ती मागे घेण्याच्या अर्जावर वाद घालून जेवढा वेळ जातो, त्याहून हे कितीतरी कमी.

कबुली मागे घेता येते, हे खरं. खटला गुणदोषांवर चालायला मदत होत असेल आणि समोरच्याचं खरं नुकसान होत नसेल, तर न्यायालय तशी मुभा देऊ शकतं. पण त्यासाठी कबुली झाली आहे हे आधी कळावं लागतं, आणि बहुतेकांना ते निकालाच्या वेळीच कळतं. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २००५ साली एक प्रकरण आलं होतं. वकील नसलेल्या एका आईने उत्तरं दिली होती, पण मुदत मोजण्यात गफलत होऊन ती दोन दिवस उशिरा गेली, आणि तेवढ्यावर तिच्या मुलीच्या ताब्याचा निकाल तिच्याविरुद्ध लागला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ती उत्तरं उशिरा गेली आहेत आणि कबुली मागे घेण्याचा अर्ज करायला हवा, हे तिला कळलेलंच नव्हतं, ही गोष्ट न्यायालयाने लक्षात घेतली. त्या आईला न्याय मिळाला, पण तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन. भाड्याच्या घरातून बाहेर काढलेल्या बाईने तिथवर जायचं कसं, आणि जाईपर्यंत मुलांना ठेवायचं कुठे?

म्हणून माझं म्हणणं असं. समोर वकील नसेल तर कबुली न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय होऊ नये. तो हुकूम देण्याआधी तोंडी विचारणा व्हावी, आणि आधी दाखल झालेल्या कैफियतीत एखादी गोष्ट नाकारली असेल तर तो नकार उत्तर म्हणून पुरेसा धरावा. इलिनॉयसारखा इशारा, साध्या भाषेत, पहिल्या पानावर. आणि मागण्यांसोबतच उत्तराचा छापील नमुना जोडण्याची सक्ती. उशीर झालाच तर खर्च लावा. त्या खर्चालाही माझा विरोध नाही.

नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोवर, अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आणि भाड्याने राहणाऱ्या आपल्या माणसांनी एवढं करावं. घरमालकाशी अनामत रकमेवरून किंवा भाड्यावरून दावा चालू असेल आणि असं पाकीट आलं, तर ते बाजूला ठेवू नये. विद्यापीठातलं विद्यार्थी कायदा साहाय्य केंद्र किंवा गावातली मोफत कायदा मदत संस्था त्याच आठवड्यात गाठावी. ते जमलं नाही तरी प्रत्येक क्रमांकापुढे कबूल, नाकबूल, किंवा चौकशी करूनही माहीत नाही, यापैकी जे खरं असेल ते लिहावं. राज्याच्या नियमात शपथेवर उत्तर लागतं का ते पाहावं, सही करून विरुद्ध पक्षाच्या वकिलाला पाठवावं आणि पाठवल्याची पावती ठेवावी. मुदत उलटून गेली असेल तर कबुली मागे घेण्याचा अर्ज लगेच करावा, समोरून निकालाचा अर्ज येण्याची वाट पाहू नये. आणि ते पाकीट फेकू नये. त्यावरचा टपालाचा शिक्का जपून ठेवावा, कारण बऱ्याच ठिकाणी दिवस मोजले जातात ते पाकीट आपल्या हातात पडल्यापासून नाही, समोरच्याने ते टपालात टाकल्यापासून.